अठरा मिलिमीटर

चामड्याचा तिसरा पट्टा तुटला
तो मशीनवर नव्हे, हात धुताना.
घड्याळ साबणाच्या फेसात पडलं
आणि चालतच राहिलं, निर्लज्जासारखं.

शनिवारी सातपूर बंद.
रविवार कारंज्याला उतरलो,
तिथून विचारत विचारत बोहोरपट्टीत.
हातिमभाईंचं दुकान म्हणजे दोन जिन्यांमधली फट :
एक स्टूल, एक दिवा, डोळ्यात भिंग,
आणि दोरीला लटकलेले पट्टे,
जत्रेत करगोटे टांगतात तसे.

"किती?" म्हणाले. म्हणजे रुंदी.
"अठरा," मी म्हणालो, आणि खिशातून व्हर्नियर काढला.
काय करणार, सव्वीस वर्षं पिना आणि बुश मोजतोय,
दोन शतांशांवरून पोरांचे अख्खे ट्रे
परत पाठवलेत.
सतरा पूर्णांक शहाण्णव आलं.
हातिमभाई भिंगासकट हसले.
"घड्याळाला सांगू नका.
त्याला वाटतंय आपण अठराचे आहोत."

पहिला जाळीचा. मऊ, पाण्यासारखा ओघळणारा.
पण त्यात बिडाची धूळ बसणार,
आणि ती आमच्या नखांतूनसुद्धा
आंघोळीनंतर निघत नाही.
दुसरा स्प्रिंगचा.
घातला, काढला,
मनगटावरचे चार केस घेऊन गेला.
"हा प्रेमळ आहे," हातिमभाई म्हणाले,
"सोडतानाच दुखवतो."
सोनेरीला मी हातच लावला नाही.
साडूच्या हातात पाहिलाय,
वर्षाच्या आत कोपऱ्यांतून पितळ डोकावलं
तरी अजून बाही वर सारूनच बोलतो.

मग हा. साधा, स्टीलचा, कड्याकड्यांचा,
पाठीवर बारीक उभे ओरखडे,
ग्राइंडरवरून नुकत्या उतरलेल्या प्लेटसारखे.
दिव्यासमोर धरला. तिरपा केला.
सातवी कडी किंचित सैल होती.
एरवी मी लाल खडूने फुली मारली असती,
पण माझे अठरा महिने उरलेत.
तेवढी ती टिकेल.
पुढे तिला तपासणारंही कोण असणार आहे?

"घट्ट की सैल?"
मी सांगत बसलो : दुपारी मनगट फुगतं,
डिसेंबरात आक्रसतं, करंगळी जाईल एवढी जागा ठेवा.
त्यांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक.
छोट्या हातोडीने टुकटुक करत
दोन कड्या काढल्या, प्लॅस्टिकच्या पुडीत घातल्या.
"जपून ठेवा. हात भरला तर लागतील."
"आता कुठला भरतोय!"
"मग वाळलात तर या," ते म्हणाले, "अजून काढू."
साडेचारशे दिले. घासाघीस केली नाही.
जुन्या पट्ट्याने झाकलेली कातडी पांढरी पडलेली,
तिच्या दोन्ही कडा
नव्या पट्ट्याबाहेर उघड्या राहिल्या.

सोमवारी सेकंड शिफ्ट.
सुटल्यावर मी चपला जिन्यातच काढतो,
दाराची कडी दोन बोटांनी, चोरासारखी सरकवतो.
सव्वीस वर्षांत शैलजाची झोप
एकदाही मोडू दिली नाही, असा माझा हिशेब.
त्या रात्री पट्टा कडीवर आपटला,
स्टीलवर स्टील.
मी एका पायावर थांबलो.

आतून आवाज आला,
झोपेतला नव्हता :
"स्टीलचा घेतलास होय शेवटी?
रोज बारा पस्तीसला येतोस.
आज बेचाळीस झाले."

मी दिवा लावला.
मनगट फिरवून पाहिलं.
बेचाळीस.